जिन्याची पाटी आणि तुझे प्युरिटन लोक

सुमन,

तुझी राख कुठे ठेवायची त्या कागदावर मी मंगळवारी सही केली. कुठे, ते आत्ताच सांगत नाही. धडा चालू असताना शेवटचं पान उलटून बघायचं नाही हा तुझ्या वर्गातला नियम होता. आता तो तूही पाळ.

इथल्या मराठी मंडळाची माणसं म्हणाली, काका, काकूंवर दोन पानं लिहून द्या, अंकात छापू. मी म्हटलं, जन्म कुठला, शाळेत किती वर्षं, ते निलेश देईल. मी तिच्याशीच बोलणार. मग तुझ्याच मार्कांच्या वहीत लिहायला बसलो. सातवी पास फिटरचं शुद्धलेखन आहे. लाल पेन चालवणारी गेली, आता कुणाला भ्यायचं?

तुला माहीत आहे, पण वाचणाऱ्याला सांगायला लागतं. आपला पोरगा निलेश जर्मनीत, गेर्लिंगेनला मोठ्या कंपनीत इंजिनियर. नियम बदलला, आईवडिलांना आणता येईल असं झालं, आणि पोराने आपल्याला पिंपरीहून उचलून इथे आणलं. त्याच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. मी आल्या दिवशी बोललो होतो, दोन वर्षं, मग परत. माझी बॅग कपाटावर तशीच बांधलेली ठेवली. तू तुझी त्याच संध्याकाळी रिकामी केलीस आणि तिच्यात कांदे भरलेस.

आणि मग ते तुझे प्युरिटन. ते तुझ्या डोक्यात कुठून शिरले ते मला आजवर कळलेलं नाही. पंचवीस वर्षं शाळेत मराठ्यांचा इतिहास शिकवलास, आणि इथे येऊन चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडातून बोटीत बसून अमेरिकेला गेलेल्या लोकांच्या मागे लागलीस. निलेशकडून इंग्रजी पुस्तकं मागवलीस, डिक्शनरी मांडीवर. दुपारच्या चहाला मी लसूण सोलायचो आणि तू सांगायचीस.

"कुठले हे देवभोळे लोक?" मी विचारलं होतं.

"भोळे? अहो, त्यांच्याइतकं बिनभोळं कुणी नसेल. त्यांना वाटलं, आपल्या चर्चमध्ये थाटमाट फार माजलाय, तो धुऊन काढायचा. राजा धुऊ देईना. म्हणून समुद्र ओलांडला."

"म्हणजे घर झाडू देईनात म्हणून गाव सोडलं."

"तसं समजा."

त्यांच्याआधी एक बोट भरून लोक गेले होते, ते वेगळे, त्यांनी चर्चशी नातंच तोडलं होतं. हे मागून गेले, हे म्हणत होते आम्ही तोडत नाही, सुधारतो. हे तू मला दहा वेळा सांगितलंस. अकराव्या वेळी मी मुद्दाम चुकलो. तुझं नाक लाल झालेलं बघायला मला आवडायचं, हे कधी बोललो नाही.

त्यांच्या प्रार्थनेत एक माणूस काठी घेऊन फिरायचा म्हणालीस. कुणी पेंगला की टोचायचा. काठीच्या एका टोकाला लाकडी गोळा, दुसऱ्या टोकाला कोल्ह्याचं शेपूट. पुरुषाच्या डोक्यात गोळा, बाईच्या गालाला शेपूट. मी म्हटलं हा अन्याय आहे. तू विणायची सुई माझ्या बरगडीत घातलीस आणि म्हणालीस, "मग जागे राहा." तेव्हापासून दुपारी मी पेंगलो की सुई. आता जेवण झाल्यावर खुर्चीत डोळा लागतो, कुणी टोचत नाही, आणि त्यानेच जाग येते.

तुझा खरा जीव त्यांच्या करारावर. गाव वसवायचं तर आधी सगळ्यांनी बसून लिहून द्यायचं, आम्ही देवासमोर आणि एकमेकांसमोर शब्द देतो, की एकत्र राहू, एकमेकांवर लक्ष ठेवू, चुकला तर सांगू, अडला तर धावू. तू म्हणायचीस, बोटीतून उतरलं म्हणून गाव होत नाही, शेजाऱ्याला शब्द दिला की गाव होतं.

"लक्ष ठेवू म्हणजे चोंबडेपणा," मी म्हटलं. "कुणाच्या घरी काय शिजतंय ते हुंगत बसायचं."

"तेही होतंच हो त्यांच्यात. खिडकी तीच असते. कोण कशासाठी बघतो त्यावर आहे."

तू त्यांची बाजू घ्यायचीस पण त्यांना सोडायची नाहीस. एका बाईच्या घरी बायका जमायच्या, प्रवचनावर बोलायच्या, ती बाई जरा जास्तच नेमकं बोलायची, तर तिच्यावर खटला भरून तिला वस्तीतून घालवून दिली. हे वाचलंस त्या दिवशी भाजी करपली. दोन दिवस तू त्या मेलेल्या लोकांशी अबोला धरला होतास, आणि जेवण मात्र मला बेचव.

एकदा मीच तुला गप्प केलं. मी विचारलं, "करार केला, गाव वसवलं, सगळं ठीक. ज्यांची जमीन होती त्यांची सही घेतली का त्या करारावर?" आमची जमीन कारखान्यांना गेली तेव्हा आमच्या बापालाही कुणी शेजारी म्हणून बसवून घेतलं नव्हतं, मला ते ठाऊक आहे. तू परत पुस्तकं काढलीस. तीन दिवस वाचत बसलीस. चौथ्या दिवशी चहा ठेवता ठेवता म्हणालीस, "तुमचं बरोबर आहे. करार आपल्यापुरताच होता त्यांचा. जे आधीपासून राहत होते त्यांना त्यात जागा नव्हती. मी शिकवताना हा प्रश्न मुलांना कधी विचारलाच नसता." सुमन, कारखान्यात साहेबाने पाठ थोपटली तेव्हा मला जे वाटलं नाही ते त्या दिवशी वाटलं. सातवी पास माणसाचं बोलणं तीन दिवस तपासून बरोबरची खूण देणारी बाई मला मिळाली. तेव्हा मी फक्त म्हणालो, साखर कमी पडली आहे.

आता पाटीचं. इथल्या घरांत जिना झाडायचा नेम असतो, केरवोखे म्हणतात. ज्याचा आठवडा त्याच्या दारावर एक लाकडी पाटी अडकवतात. त्याने जिना झाडायचा, पुसायचा, घरापुढची फरशीही झाडायची, आणि शनिवारी पाटी पुढच्याच्या दाराला लावायची. आपल्याला कोण सांगणार? येऊन महिना झाला नव्हता. सकाळी दार उघडलं तर दाराला पाटी. मला वाटलं शेजारच्या म्हातारीची चुकून आपल्याकडे आली. मी नेऊन तिच्या दाराला लावली. दुपारी परत आपल्या दाराला. मी परत तिच्या. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा बेल वाजली. दारात तीच म्हातारी, फ्राऊ बॉयर्ले, एका हातात पाटी, एका हातात झाडू, केस पांढरेशुभ्र, आणि तोंडाचा पट्टा चालू. मला त्यातलं एकच कळलं, नाइन, म्हणजे नाही. तू निघायच्या आधी क्लासमध्ये महिनाभर जर्मन शिकली होतीस, तुला निम्मं कळलं, आणि तू हसत हसत चपलांच्या स्टँडवर बसलीस. तो स्टँड मोडला. मी अजून दुरुस्त केलेला नाही.

मी म्हणालो, चाळीस वर्षं मशीनं दुरुस्त केली, कारखान्याचा जिना झाडायला वेगळा माणूस होता. तू म्हणालीस, "मग आता तो वेगळा माणूस तुम्ही." निलेश म्हणाला, "बाबा, मी बाई लावून देतो ना." तू त्याला फोनवरच झापलंस, "खबरदार. बाई लावलीस तर आम्ही इथे पाहुणेच राहू."

झाडला मी जिना. फ्राऊ बॉयर्लेने येऊन कोपऱ्यात बोट फिरवलं आणि ते मला दाखवलं. दुसऱ्या वेळी मी कोपऱ्यांपासूनच सुरुवात केली. ती बोट बघून "गेनाऊ" म्हणाली, म्हणजे अगदी बरोबर, आणि आत गेली. मला मेली चीड आली आणि बरंही वाटलं.

तुमची दोघींची गट्टी कशी जमली देव जाणे. तुझं मोडकं जर्मन, तिचं मोडकं इंग्रजी. तिची आजी म्हणे पत्ते खेळू द्यायची नाही, नाचू द्यायची नाही, रविवारी विणूसुद्धा द्यायची नाही. या भागात तसे लोक पुष्कळ होते. तू धावत घरी आलीस. "अहो, हे त्यांचे चुलतभाऊच की!" जणू तुलाच माहेरचं कुणी भेटलं. मी म्हटलं, म्हणूनच ती दाराच्या भिंगातून बघत असते. जिन्यात माझं पाऊल वाजलं की भिंग काळं होतं. तू म्हणालीस, "बघू दे ना. तुम्ही काय चोरून नेताय?"

आणि मग तू तिला आपली किल्ली दिलीस. मला न सांगता. मला कळलं ते तुझ्या मरणाच्या तीन आठवडे आधी. घरात भांडण झालं तसं आपल्या सगळ्या संसारात झालं नसेल. मी म्हटलं, परक्या बाईच्या हातात घर दिलंस. तू म्हटलंस, परकी तुमच्यासाठी. मी म्हटलं, ती आपलं कोण लागते? तू म्हटलंस, "शेजारीण लागते. हे नातं नाही का?" मी किल्ली परत आण म्हणून मागे लागलो. तू उद्या उद्या करत राहिलीस. तुझं उद्या मला लग्नापासून माहीत आहे. उद्या म्हणजे नाही.

त्या सकाळी तू चहा पुढे केलास. मी म्हणालो, आज किल्ली आणलीस तरच पितो. तू म्हणालीस, "बरं, आणते. येताना ब्रेड आणा, तिळाचा." मी चहा तसाच ठेवून निघालो. आपलं शेवटचं बोलणं एवढंच आहे. मी ते पुष्कळदा उलटसुलट करून बघितलं, त्याचं दुसरं काही होत नाही.

परत आलो तर खाली ॲम्ब्युलन्स. वर स्वयंपाकघरात ती माणसं तुझ्यावर काम करत होती, आणि फ्राऊ बॉयर्ले भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई, तिला परत उठताही येत नव्हतं. निलेशने नंतर मला समजावून सांगितलं. तिने भिंतीपलीकडून काहीतरी पडल्याचं ऐकलं. बेल वाजवली. तू उघडलं नाहीस. तिने किल्ली लावली. फोन करून ती तुझं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिली. डॉक्टर म्हणाले मेंदूत रक्तस्राव झाला, कुणी काही करू शकलं नसतं. मी तिला विचारलं, निलेशकरवी, काही बोलली का? ती म्हणाली, बोलली नाही, हात धरला होता, घट्ट.

तू माझं ऐकलं असतंस तर एकटी गेली असतीस. चाळीसच्या वर वर्षं तू माझं ऐकत नाहीस म्हणून मी ओरडलो. बरं झालं ऐकलं नाहीस. हे मी इथे लिहून देतो, सहीनिशी.

पुढे राखेचा प्रश्न. इथे राख घरी ठेवता येत नाही. कायदा आहे. अंत्यविधी करणारा माणूस, काळा कोट, गोड बोलणारा, त्याने कागद पुढे सरकवला. दोनच चौकोन. एक, कलश भारतात पाठवायचा. दुसरा, इथल्या दफनभूमीत पुरायचा. मी म्हटलं, माझ्या बायकोची राख माझ्या घरी आठ दिवस ठेवता येत नाही? निलेशने त्याचं भाषांतरच केलं नाही. निलेशचं म्हणणं सरळ होतं. "बाबा, नाशिकला नेऊ. आजीची तिथेच दिली. तुम्हाला परत जायचंच आहे, आई तुमच्याबरोबर येईल." माझ्याही मनात तेच होतं. तरी हात चौकोनापाशी गेला की अडायचा. तू कधी काही सांगून ठेवलं नव्हतंस. जागेबद्दल तर नाहीच.

एकच सांगितलं होतंस, तेही जागेबद्दल नव्हतं. उतारावरच्या दफनभूमीवरून आपण फिरायला जायचो, तिथे नळापाशी हिरव्या झाऱ्या ओळीने टांगलेल्या असतात. तिथे तू सांगितलंस की तुझे ते लोक माणूस पुरताना काही वाचायचे नाहीत, प्रवचन नाही, प्रार्थना नाही. घंटा वाजली की सगळा शेजार जमायचा, मढं उचलून न्यायचा, आणि पुरेपर्यंत नुसता उभा राहायचा.

"कुत्र्यामांजराला पुरतात तसं?" मी म्हटलं.

"कुत्र्यामांजरासाठी सगळा गाव येतो का? मला आवडेल तसं. कुणी भाषण करू नये. आपल्या शोकसभा आठवा. मेलेल्याचा स्वभाव मनमिळाऊ होता, संपलं. मी कुठे मनमिळाऊ आहे?"

"मग माणसाबद्दल बोलायचं कुणी आणि कधी?"

तू एका झारीने कुणाच्या तरी सुकलेल्या फुलांना पाणी घातलंस. तो वाद तिथेच राहिला.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी फ्राऊ बॉयर्ले आली. केकचं ताट, आणि ताटाच्या कडेला ती किल्ली. परत करायला आणली होती. भांडण तिला ऐकू गेलं असणार, भिंत ती केवढी. मी किल्ली घेतली आणि टेबलावर त्या कागदाशेजारी ठेवली. दहा दिवस दोन्ही तिथेच. मी जेवायचो, कागद बघायचो, किल्ली बघायचो.

मग शनिवार आला. नेमाप्रमाणे फ्राऊ बॉयर्लेनंतर आपला आठवडा. मी सकाळपासून वाट बघत होतो, कशाची ते मला तेव्हा कळलं नाही. दुपारी दार उघडलं, दारावर पाटी नाही. वर बघितलं तर पाटी तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या दाराला. तिने आपलं दार गाळलं होतं. घरात दुःख आहे, म्हाताऱ्याला त्रास नको, चांगल्या मनाने केलं होतं. पण सुमन, माझ्या अंगाची लाही झाली. मी अनवाणी वर गेलो, तिसऱ्या मजल्यावरच्या दारावरून पाटी काढली, खाली आणली, आणि फ्राऊ बॉयर्लेची बेल दाबून धरली.

तिने दार उघडलं. मी पाटी तिच्या नाकासमोर धरली. मराठीतच बोललो, दुसरं येतंय कुठे. "आमचा आठवडा आहे हा. आमचा. आम्ही इथे राहतो. गाळायचं नाही."

तिने पाटीकडे बघितलं, माझ्या पायांकडे बघितलं. "हेर मोरे," म्हणाली, आणि पुढे हळूहळू काहीतरी. त्यात तुझं नाव होतं. मी म्हटलं, थांब. आत गेलो, टेबलावरची किल्ली आणली, तिच्या हातात ठेवली आणि तिची बोटं मिटली. तिने डोळे पुसले नाहीत. आजीने शिकवलं नसेल. फक्त म्हणाली, "जा." इथे जा म्हणजे हो.

मी जिना झाडला. वरून खाली, कोपऱ्यांपासून. खाली पोचेपर्यंत मला माझंच बोलणं परत ऐकू आलं. आम्ही इथे राहतो. हे मी बोललो होतो, बॅग न सोडलेला माणूस. घरी येऊन निलेशला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, नक्की? उद्या म्हणाल परत जायचं." मी म्हटलं, गेलो तर तिला भेटायला येईन, तिकीट तू काढ. पण ती इथेच राहणार. तिने इथे शब्द दिलाय.

मंगळवारी दुसऱ्या चौकोनात खूण केली, सही केली. इथे कबरीची जागाही भाड्याचीच असते, काही वर्षांनी सोडावी लागते. तुला हसू आलं असतं. कलश दोन मावतात म्हणाले. मी म्हटलं, ठीक आहे.

काल शुक्रवारी पुरलं तुला. घंटा वाजली. निलेश, सूनबाई, नात ईरा, मंडळाचे आठदहा जण, आणि आपल्या जिन्यातले झाडून सगळे, तिसऱ्या मजल्यावरचेसुद्धा. निलेशने कानात विचारलं, "बाबा, दोन शब्द?" मी मान हलवली. नाही. माती पडेपर्यंत सगळे नुसते उभे राहिले. ईराने मध्येच जर्मनमध्ये विचारलं, कुणी काही म्हणत का नाही? तिची आई तिला गप्प करणार होती. मी म्हटलं, आजीचं सांगणं आहे. तेवढंच बोललो.

म्हणजे तिथे तुझं ऐकलं. पण माझा प्रश्न मी सोडलेला नाही. माणसाबद्दल बोलायचं कुणी आणि कधी? तर मी, आणि आत्ता. तू बोलू नका म्हणाली होतीस, लिहू नका नव्हतीस म्हणाली. तू मनमिळाऊ नव्हतीस. हट्टी होतीस, चूक दाखवली की तीन दिवस तपासायचीस आणि मग कबूल करायचीस, आणि मला न विचारता माझं घर उघडं केलंस. त्या सकाळचा चहा गार झाला होता तो मी त्या संध्याकाळी प्यायलो. तिळाचा ब्रेड पिशवीत होता, तोही खाल्ला.

काल संध्याकाळीच फ्राऊ बॉयर्ले कागद घेऊन आली. पट्टीने आखलेला. एका बाजूला तिचं नाव, एका बाजूला माझं. कबरीवरच्या फुलांना पाणी घालायचं आणि पानं झाडायची, एक आठवडा तिने, एक आठवडा मी. खाली दोन रेघा, सहीसाठी. तिने आधीच केली होती. मी माझी मराठीत केली.

आज शनिवार. पहिला आठवडा माझा आहे. आजपासून झारी मलाच उचलायची आहे. वही मिटतो, बूट घालतो आणि निघतो.